निश्चल लहर आणि हलता स्वर : सिंथेसायझरमधील मॉड्युलेशन व इफेक्ट यांचा आढावा

१९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत पिएर शेफर यांनी घंटेचे एक ध्वनिमुद्रण घेतले, त्यातून ठोका पडतो तेवढा क्षण कापून काढला आणि मागे रेंगाळणारा नाद तेवढा ऐकला. घंटा ओळखूच येईना. फुंकून वाजवायच्या एखाद्या वाद्याचा लांबवलेला स्वर असावा, तसे काहीतरी कानावर पडत होते. धातू तोच, स्वर तोच. गेला होता तो फक्त सुरुवातीचा क्षणभराचा बदल. आवाज कसा उगवतो, कसा पालटतो आणि कसा मावळतो यावरून कान त्याला ओळखतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

सिंथेसायझरची अडचण नेमकी इथेच आहे. ऑसिलेटर हे त्याचे मूळ. ते करवती, चौकोनी किंवा त्रिकोणी आकाराची लहर तयार करते आणि ती लहर पहिल्या सेकंदाला जशी असते तशीच शंभराव्या सेकंदालाही असते. गळ्यातून, तारेतून किंवा बासरीतून असा स्वर कधीच निघत नाही. म्हणून गेल्या साठ वर्षांतली या वाद्याची वाटचाल म्हणजे निश्चल लहरीला हालचाल देण्याच्या युक्त्यांची वाटचाल आहे. या युक्त्यांचे सहसा दोन गट मानतात. वाद्याच्या आत एका भागाने दुसऱ्या भागाचा गुण बदलत ठेवणे म्हणजे मॉड्युलेशन. तयार झालेल्या आवाजावर नंतर कोरस, डिले, रिव्हर्ब यांची प्रक्रिया करणे म्हणजे इफेक्ट. अभ्यासक्रमांत यांची दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. माझ्या मते ही विभागणी शिकवण्याच्या सोयीपुरतीच आहे. दोन्हींचे काम एकच : आवाजात काळानुसार बदल घडवणे. आणि आवाजाचा कस तो बदल कशाशी बांधला आहे यावर ठरतो. तो किती मोठा आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. या दृष्टीने संपूर्ण विषयाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

व्होल्टेज : सगळ्यांना समजणारी भाषा

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्याबरोबर काम करताना जी यंत्रणा उभी केली, तिच्या मुळाशी एक साधी कल्पना होती. ऑसिलेटरची पट्टी (म्हणजे स्वराची उंची), फिल्टरची मर्यादा, आवाजाची पातळी ही सगळी हाताने नॉब फिरवून बदलण्याऐवजी विद्युतदाबाने बदलावीत. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर, हे प्रमाण ठरले. यातली खरी क्रांती अशी की ऑसिलेटरला मिळणारा व्होल्टेज कुठून आला याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. तो कीबोर्डवरून येईल, दुसऱ्या ऑसिलेटरमधून येईल किंवा बोटाच्या दाबातूनही येईल. यंत्राचा कोणताही भाग कोणत्याही भागाला हलवू शकेल, अशी वाट त्यामुळे मोकळी झाली.

त्याच काळात अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमधल्या मॉर्टन सबॉटनिक आणि रमोन सेंडर या संगीतकारांच्या गरजेतून डॉन बुक्ला यांनी आपली यंत्रणा घडवली. त्यांनी पियानोसारख्या पट्ट्या टाळल्या, स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या पट्ट्या वापरल्या आणि पुढे अनिश्चित, यादृच्छिक व्होल्टेज देणारा खास विभागही बनवला. बदल ठरवून द्यायचा की त्यात थोडे अनपेक्षित येऊ द्यायचे, हा वाद तेव्हापासून या वाद्याच्या रक्तात आहे.

लंडनच्या ईएमएस कंपनीने १९६९ मध्ये व्हीसीएस-३ हा सिंथेसायझर काढला. त्यावर सोळा ओळी आणि सोळा रकान्यांचा एक चौकोनी फलक होता. एका बाजूला बदल घडवणारे स्रोत, दुसऱ्या बाजूला बदल स्वीकारणारी ठिकाणे. जिथे पिन खोचली तिथे जोड झाली. स्रोत, ठिकाण आणि प्रमाण : मॉड्युलेशनचे सगळे व्याकरण या तीन शब्दांत बसते. आजच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये ज्याला मॉड्युलेशन मॅट्रिक्स म्हणतात तो याच फलकाचा वंशज आहे.

एन्व्हलप आणि फिल्टर : पहिला बदल

कोणताही स्वर घडवताना पहिला स्रोत हाती येतो तो एन्व्हलप. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज या त्याच्या चार टप्प्यांची कल्पना कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रातले संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांच्या मागणीतून आकाराला आली. स्वर किती वेळात चढतो, कुठवर उतरतो, बोट दाबून ठेवले असता कोणत्या पातळीवर टिकतो आणि बोट उचलल्यावर किती वेळात विरतो, हे त्यातून ठरते.

नवशिके एन्व्हलप फक्त आवाजाच्या पातळीला लावतात. त्याचा खरा पराक्रम मात्र फिल्टरवर दिसतो. मूग यांच्या प्रसिद्ध शिडीरचनेच्या फिल्टरमध्ये ठरावीक मर्यादेच्या वरचे स्वरांश (स्वरात मिसळलेले सूक्ष्म स्वर) दर सप्तकाला २४ डेसिबलने कापले जातात. करवती लहर या फिल्टरमधून सोडा. मर्यादा काही मिलिसेकंदांत वर जाऊन पाव सेकंदात खाली येईल असे करा. छेडलेल्या तारेचा भास होतो. तीच मर्यादा अर्धा सेकंद घेत हळूहळू वर चढवा. पितळी फुंकवाद्यांचा ताफा उभा राहतो. लहर दोन्ही वेळा तीच. बदलली ती बदलाची चाल.

याचे शास्त्रीय कारण १९६०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत झां-क्लोद रिसे यांनी ट्रंपेटच्या स्वरांचे संगणकावर पृथक्करण करून शोधले. ट्रंपेट जोरात वाजू लागला की त्यातले वरचे स्वरांश प्रमाणाबाहेर वाढतात. जोर आणि तेज एकमेकांत गुंतलेले असतात. हा दुवा तुटला तर आवाज खोटा वाटतो, जुळला तर साधी लहरही पितळेची वाटते.

आपल्या कानांना हे तत्त्व तानपुऱ्यामुळे आधीच ओळखीचे आहे. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा तासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढतात, तिच्यात तार छेडल्यावर वरचे स्वरांश एकामागून एक उजळत जातात आणि तो उजाळा हळूहळू खाली सरकतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना या घोडीच्या वेगळेपणाची दखल घेतली होती. इलेक्ट्रॉनिक वाद्यात टोकदार केलेला फिल्टर एन्व्हलपने खाली ओढणे ही याच अनुभवाच्या जवळची गोष्ट आहे.

एलएफओ : आवर्तनाचे सामर्थ्य आणि मर्यादा

एन्व्हलप एकदा घडतो आणि संपतो. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या बदलासाठी एलएफओ, म्हणजे कानाला स्वर म्हणून ऐकू न येण्याइतका संथ ऑसिलेटर वापरतात. तो पट्टीला लावला की व्हायब्रेटो, पातळीला लावला की ट्रेमोलो, फिल्टरला लावला की आवाज उघडझाप करू लागतो. पाश्चात्त्य गायकांचा व्हायब्रेटो साधारण सेकंदाला पाच ते सात फेऱ्यांचा असतो, म्हणून ५ ते ७ हर्ट्झ हा आकडा बहुतेक वाद्यांत ठरल्यासारखा आढळतो. दहा सेकंदांत एक फेरी, इतका मंद केला तर तोच एलएफओ लांब स्वरांच्या पडद्यात ढगांच्या सावलीसारखी चाल आणतो.

त्याची मर्यादाही इथेच आहे. एलएफओला स्वर कधी सुरू झाला, वाक्य कुठे संपते, गायक कुठे श्वास घेतो हे ठाऊक नसते. दरबारी कानड्याच्या कोमल गंधाराचे आंदोलन घ्या. ते संथ असते, प्रत्येक वेळी वेगळ्या रुंदीचे असते, ऋषभाकडे झुकताना त्याचा भार बदलतो. त्या जागी ठरावीक गतीचा एलएफओ लावला तर गंधार हलतो खरा, पण दरबारी उभा राहत नाही. यावर जुन्या वाद्यांनीच उपाय सुचवून ठेवले आहेत : स्वर लागल्यावर थोड्या विलंबाने व्हायब्रेटो सुरू करणे, त्याची खोली कीबोर्डशेजारच्या मॉड्युलेशन व्हील या चाकाच्या स्वाधीन करणे, एका एलएफओची गती दुसऱ्याने किंचित ढळती ठेवणे, किंवा ठरावीक अंतराने एखादे मूल्य पकडून धरणाऱ्या सॅम्पल-अँड-होल्डमधून यादृच्छिक मूल्ये घेऊन ती गुळगुळीत करून वापरणे. सगळ्यांचा उद्देश एकच, आवर्तनातली यंत्रवत पुनरावृत्ती मोडणे.

गती वाढली की बदलच स्वर होतो

एलएफओची गती सेकंदाला वीस फेऱ्यांच्या पुढे नेली की एक विलक्षण गोष्ट घडते. कानाला हलणे ऐकू येणे थांबते आणि नवीन स्वरांश ऐकू येऊ लागतात. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग १९६७ मध्ये संगणकावर अतिशय वेगवान आणि खोल व्हायब्रेटो करून पाहत होते. त्यातून त्यांना एफएम संश्लेषण सापडले. १९७३ मध्ये त्यांनी त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला.

गणित सोपे आहे. ४०० हर्ट्झचा स्वर ४०० हर्ट्झनेच हलवला तर नवे स्वरांश ४०० च्या पटीत पडतात आणि आवाज सुरेल राहतो. तोच ५६० हर्ट्झने हलवला तर बेरीज-वजाबाकीतून ९६०, १६०, १५२०, ७२० असे स्वरांश मिळतात. ते ४०० च्या पटीत बसत नाहीत आणि कानाला घंटा ऐकू येते. किती स्वरांश जागे व्हावेत हे हलवण्याच्या खोलीवरून ठरते. ती खोली एन्व्हलपच्या हाती दिली की जोराबरोबर तेज वाढते आणि रिसे यांचा ट्रंपेट अवघ्या दोन ऑसिलेटरमधून वाजू लागतो.

यामाहाने स्टॅनफर्डकडून या शोधाचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ बाजारात आणला. सहा ऑपरेटर (म्हणजे एकमेकांना हलवू शकणारे ऑसिलेटर), त्यांच्या जोडणीच्या बत्तीस रचना, एकाच वेळी सोळा स्वर. लाखाहून अधिक वाद्ये खपली. त्यातला इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या गाण्यांत सर्वत्र ऐकू येतो. तो जिवंत का वाटतो याचे उत्तर जोडणीत आहे : पट्टीवरचा आघात वाढला की मॉड्युलेशनची खोली वाढते, म्हणून हळू वाजवल्यावर मऊ आणि ठोकून वाजवल्यावर खणखणीत स्वर मिळतो.

रिंग मॉड्युलेशन याच कुळातले, पण अधिक उग्र. दोन संकेतांचा गुणाकार केला की मूळ दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांची बेरीज व वजाबाकी तेवढी उरते. ४४० आणि १०० हर्ट्झमधून ५४० आणि ३४० मिळतात. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डॅलेक या खलपात्रांचा कर्कश आवाज १९६३ मध्ये असाच काढला गेला. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी १९७० च्या 'मान्त्रा'मध्ये दोन पियानोंना रिंग मॉड्युलेटरमधून नेऊन याच साधनाने अत्यंत गंभीर रचना उभी केली. साधन एकच, एका ठिकाणी भय, दुसऱ्या ठिकाणी सूक्ष्म स्वरविचार.

उशिराची किमया : कोरस, फ्लँजर, फेझर

आता वाद्याबाहेर येऊ. इफेक्टच्या मोठ्या घराण्याचे मूळ एकाच क्रियेत आहे : आवाजाची प्रत काढायची, ती थोडी उशिरा वाजवायची आणि मूळ आवाजात मिसळायची. उशीर किती, आणि तो उशीर हलता आहे की स्थिर, यावरून नावे बदलतात.

एक मिलिसेकंद उशिराची प्रत मूळ आवाजात समप्रमाणात मिसळली तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी स्वरांश पुसले जातात. हा उशीर एलएफओने हलवला की पुसलेल्या जागा वरखाली सरकतात, हा फ्लँजर. उशीर पंधरा-वीस मिलिसेकंदांपर्यंत नेला की कानाला दोन वादक एकत्र वाजवत असल्याचा भास होतो, हा कोरस. फेझर उशिराऐवजी फेज फिरवणारी मंडले वापरतो. चार मंडलांतून दोनच पोकळ्या पडतात, म्हणून त्याचा आवाज फ्लँजरहून मवाळ आणि वळणदार असतो. तिन्हींच्या आत एलएफओ बसलेला आहे. म्हणजे ज्याला आपण इफेक्ट म्हणतो ते पेटीबाहेर नेलेले मॉड्युलेशनच आहे.

या घराण्याला स्वस्त आणि सुटसुटीत रूप आले ते १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी शोधलेल्या बकेट-ब्रिगेड परिपथामुळे. विद्युतभार एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलत न्यायचा. टप्प्यांची संख्या आणि ढकलण्याची गती यांवरून उशीर ठरतो. रोलँडने १९८२ च्या जुनो-६० मध्ये हाच परिपथ वापरला. त्या वाद्यात दर स्वराला ऑसिलेटर एकच. एकटा तो किरकोळ वाटतो. कोरसचे बटण दाबले की डाव्या-उजव्या बाजूंचे उशीर एकमेकांच्या उलट दिशेने संथपणे सरकतात आणि आवाज रुंदावतो. जुनोचा आवाज म्हणून जगाला जे आवडते त्यातला मोठा वाटा या बटणाचा आहे. त्याला आवाजापासून वेगळा इफेक्ट म्हणणे कठीण आहे.

संगीतकार झां-मिशेल जार यांच्या १९७६ च्या 'ऑक्सिजेन' या ध्वनिमुद्रिकेतही हेच दिसते. तिथला वाहता तंतुवाद्यांचा पडदा एमिनंट ३१० या ऑर्गनचा आहे, पण त्याला प्रवाह दिला तो स्मॉल स्टोन नावाच्या गिटारवाल्यांसाठी बनलेल्या छोट्या फेझर पेडलने. लांब, संथ स्वरांवर फेझरची एक फेरी अनेक मात्रा व्यापते आणि बदल स्वराऐवजी संपूर्ण वाक्याचा होतो.

डिले आणि रिव्हर्ब : अवकाशाचा बदल

उशीर पन्नास मिलिसेकंदांच्या पुढे गेला की प्रत वेगळी ऐकू येते आणि प्रतिध्वनी जन्मतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. पाऊण मात्रेवरचा डिले स्वरांच्या मधल्या जागा भरतो, म्हणून चार स्वरांचा तुकडाही भरगच्च वाटतो. रोलँडच्या १९७४ च्या स्पेस एको आरई-२०१ मध्ये फिरत्या टेपची किंचित डळमळ प्रत्येक प्रतिध्वनीला थोडे बेसूर करत असे आणि टेप दर फेरीला वरचे स्वरांश गाळत असे. या दोषांमुळे प्रतिध्वनी मूळ आवाजापासून सुटून मागे सरकायचा. आजची सॉफ्टवेअर हीच डळमळ मुद्दाम घालतात.

उशीर अगदी लहान करून तो पुन्हा पुन्हा स्वतःमध्ये फिरवला तर इफेक्टचेच वाद्य होते. १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी दाखवले की खरखराटाचा एक छोटा तुकडा सुमारे २.२७ मिलिसेकंदांच्या डिलेत फिरवत ठेवून दर फेरीला थोडा गाळला, तर ४४० हर्ट्झची छेडलेली तार ऐकू येते. चाउनिंग यांच्या शोधात मॉड्युलेशन वेगवान होऊन स्वर झाले. इथे डिले आखूड होऊन स्वर झाला. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत. काळाची मोजपट्टी बदलली की स्रोत, मॉड्युलेशन आणि इफेक्ट यांच्यातल्या भिंती पडतात.

रिव्हर्ब हा हजारो परावर्तनांचा समुच्चय. तो कृत्रिमरीत्या मिळवण्यासाठी १९५७ पासून ईएमटी कंपनीची पोलादी पत्रे वापरली जात. अशा एका यंत्राचे वजन अडीचशे किलोंहून अधिक. १९६२ मध्ये मानफ्रेड श्रोडर यांनी डिलेच्या जाळ्यातून अंकीय रिव्हर्ब कसा उभारायचा ते मांडले. १९७६ चा ईएमटी २५० आणि १९७८ चा लेक्सिकॉन २२४ ही त्याची स्टुडिओत स्थिरावलेली रूपे. श्रोडर यांच्या मार्गात एक दोष होता : जाळे स्थिर राहिले की घुमाऱ्याच्या शेपटीत धातूसारखी झणझण उरते. लेक्सिकॉनने आतले उशीर सूक्ष्म प्रमाणात हलते ठेवले आणि शेपटी मऊ झाली. रिव्हर्बलाही जिवंत राहण्यासाठी मॉड्युलेशनच लागले.

मॉड्युलेशन आणि रिव्हर्ब यांचा सर्वोत्तम मिलाफ संगीतकार व्हँजेलिस यांच्या 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटाच्या संगीतात ऐकू येतो. यामाहा सीएस-८० वर बोट दाबल्यानंतर वाढवलेला दाब प्रत्येक स्वराला वेगवेगळा जाणवतो. व्हँजेलिस त्या दाबाने स्वराचे तेज आणि कंप फुलवतात, आणि लेक्सिकॉनचा लांब घुमारा तो फुलोरा धरून ठेवतो. बोट बदल घडवते, अवकाश तो साठवतो.

क्रम आणि संयम

कोणता इफेक्ट आधी, कोणता नंतर, याने निकाल पूर्ण बदलतो. डिस्टॉर्शन नवे स्वरांश निर्माण करतो, फिल्टर असलेले काढून टाकतो. फिल्टरनंतर डिस्टॉर्शन ठेवला तर फिल्टर उघडताना आवाज अधिकाधिक खरबरीत होत जातो. आधी डिस्टॉर्शन आणि मग फिल्टर ठेवला तर खरखर फिल्टरच्या ताब्यात राहते. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये सोडले तर त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे स्वरही उमटतात. षड्ज-पंचम चालून जातो, जवळचे स्वर चिरडले जातात. रिव्हर्बनंतर डिस्टॉर्शन आला तर सगळी शेपटी पुढे उसळते. खर्जातल्या आवाजावर रुंद कोरस लावला आणि तो एकाच स्पीकरवर ऐकला, तर दोन बाजू एकमेकींना कापतात आणि पायाच खचतो.

१९८७ च्या रोलँड डी-५० ने आणि १९८८ च्या कॉर्ग एम-१ ने रिव्हर्ब व कोरस वाद्यातच बसवले. तेव्हापासून तयार आवाज इफेक्टमध्ये भिजवूनच दिले जाऊ लागले. दुकानात एकटा ऐकताना असा आवाज भव्य वाटतो. गाण्यात गायक, ताल आणि इतर वाद्ये आली की तोच सगळी जागा खातो. म्हणून इफेक्ट बंद करून आधी स्वर ऐकावा, हा जुना सल्ला आजही खरा आहे. जुनोच्या कोरससारखा एखादा इफेक्ट आवाजाचे अंगच असेल तर तो ठेवावा. नुसती मोठेपणाची झूल असेल तर काढावी.

हाताशी बांधलेला बदल

१९८३ मध्ये मिडी ही वाद्यांमधली सामाईक संकेतप्रणाली आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. मॉड्युलेशन व्हीलला त्यात ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या मिळाल्या, पट्टी सरकवणाऱ्या पिच बेंडला १६,३८४. हा फरक सहज केलेला नाही. पट्टीतली पायरी कानाला फार लवकर खुपते. पण पिच बेंड संपूर्ण चॅनेलला एकत्र ओढतो. दोन स्वर दाबलेले असताना एकालाच मींड देता येत नाही. २०१८ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या एमपीई या पद्धतीने प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देऊन ही कोंडी फोडली. आता बोट डावीकडे-उजवीकडे सरकवणे, पुढे-मागे नेणे, दाबणे या प्रत्येक क्रियेला वेगळे ठिकाण जोडता येते.

भारतीय संगीतासाठी याचे महत्त्व मोठे आहे आणि त्यामागे आपला स्वतःचा इतिहासही आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतासाठी कल्याणजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन या एका वेळी एकच स्वर देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बीन वाजवली आणि देशभर ती खरी बीन म्हणून ऐकली गेली. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगची यंत्रणा उभी केली. तिथे भारतीय संगीतकारांनी केलेले प्रयोग २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने पुन्हा प्रकाशात आले.

सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या तीन यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. टीबी-३०३ गिटारवादकांना साथीचा बेस मिळावा म्हणून बनले होते. स्वरावरून स्वरावर घसरणे, एखादा स्वर ठासून वाजवणे आणि फिल्टरवर एन्व्हलपचा प्रभाव कमीजास्त करणे हे त्याचे गुण. सिंग यांना ही घसरण रागाच्या चलनाला उपयोगी पडली. ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी गाजली नाही. पाच वर्षांनी शिकागोत फ्यूचर या गटाने त्याच यंत्राचे फिल्टरचे नॉब वाजवताना फिरवत 'ॲसिड ट्रॅक्स' केले आणि एका नव्या नृत्यसंगीताचे नाव पडले. २०१० मध्ये सिंग यांचे काम पुन्हा प्रसिद्ध झाले तेव्हा जगाला ते अचंबित करणारे वाटले. मला त्यात योगायोगापेक्षा तत्त्व दिसते. दोघांनीही यंत्राची हालचाल आपापल्या संगीताच्या व्याकरणाला बांधली, एकाने रागाच्या, दुसऱ्याने नाचाच्या.

आजची स्थिती

आज हे सगळे स्वस्तात मिळते. २०१४ च्या सीरममध्ये एलएफओ माऊसने ओढून कोणत्याही नॉबवर सोडता येतो. व्हायटलची मूळ आवृत्ती आणि सर्ज एक्सटी फुकट आहेत. व्हीसीव्ही रॅकमध्ये मूग आणि बुक्ला यांच्या काळातली जोडणी संगणकावर करता येते. पुण्या-मुंबईतल्या किंवा कोल्हापूर-पणजीतल्या विद्यार्थ्याला जी साधने मिळतात तीच बर्लिनच्या स्टुडिओत असतात. कमतरता साधनांची राहिलेली नाही. एकाच स्वराला पंधरा जोडण्या सहज करता येतात, म्हणून त्या केल्या जातात. सगळेच हलू लागल्यावर कानाला काहीच हललेले जाणवत नाही.

या आढाव्यातून हाती येणारी कसोटी साधी आहे. प्रत्येक जोडणीला विचारावे : हा बदल कशाचे ऐकतो? आघाताचे, बोटाच्या दाबाचे, वाक्याच्या लांबीचे, तालाच्या मात्रेचे, की नुसत्या घड्याळाचे? घड्याळाचे ऐकणारा बदल वाईट नसतो. जारच्या फेझरने तो किती सुंदर होऊ शकतो ते दाखवले आहे. पण प्रत्येक स्वरात किमान एक बदल वाजवणाऱ्याचे ऐकणारा असावा. डीएक्स-७ चा पियानो, सीएस-८० चा दाब, ३०३ चा नॉब यांत समान धागा हाच आहे.

मराठी संगीतशिक्षणात सिंथेसायझर अजून तयार आवाज निवडण्याचे यंत्र म्हणून शिकवला जातो. आवाज क्रमांक पाठ होतात, एन्व्हलप उघडला जात नाही. पिच बेंडची मर्यादा नेहमीच्या दोन अर्धस्वरांवरून वाढवून षड्ज ते पंचम मींड घेता येईल इतकी करणे, व्हायब्रेटोची खोली बोटाच्या दाबाला देणे, रिव्हर्बची पातळी वाक्याच्या शेवटीच वाढेल अशी जोडणी करणे, हे धडे पहिल्या वर्षातच देता येतील. ज्या कानांना जवारी, मींड आणि आंदोलन लहानपणापासून ओळखीची आहेत त्यांना स्वरातला बदल वेगळा शिकवावा लागत नाही. त्यांना फक्त यंत्रातल्या तारा कुठे जोडायच्या तेवढे दाखवायचे आहे, आणि ते दाखवण्याची जबाबदारी आता शिकवणाऱ्यांची आहे.